विवाहस्थैर्य

विवाहस्थैर्य : विवाहाने जोडले गेलेले पति-पत्नीसंबंध दीर्घकाळ व उभयतांना मनापासून स्वीकारार्ह वाटतील अशा रीतीने टिकून राहणे, म्हणजे विवाहस्थैर्य होय. या व्याख्येतील दुसरी अट महत्त्वाची आहे. केवळ न मोडलेला विवाह हा स्थिर विवाह असतोच, असे नाही. धर्माज्ञा, लोकापवादाची भीती, पत्नीचे आर्थिक परावलंबन किंवा मुलांची काळजी यांमुळे अनेक विवाह नावापुरते चालू राहतात. भारताच्या २०११ च्या जनगणनेत घटस्फोटित म्हणून नोंदलेल्या व्यक्ती सु. १३.६ लाख होत्या, तर कायदेशीर घटस्फोट न घेता विभक्त राहणाऱ्यांची संख्या सु. ३५ लाख होती. दोन्ही गटांत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या सु. दुप्पट आढळली. पुरुषांचा पुनर्विवाह लवकर व सहज होतो, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. त्यामुळे घटस्फोटांचे अल्प प्रमाण हे कौटुंबिक सौख्याचे गमक मानण्याची जी प्रथा आपल्याकडे पडली आहे, ती सावधपणेच स्वीकारावी लागते.

विवाह ही मानवनिर्मित संस्था आहे, याची जाणीव प्राचीन वाङ्‌मयातही दिसते. महाभारताच्या आदिपर्वात उद्दालकपुत्र श्वेतकेतूने आपल्या मातेचा हात परपुरुषाने धरलेला पाहून स्त्री-पुरुषसंबंधांस मर्यादा घालून दिली, अशी कथा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी अशा कथांच्या आधारे भारतीय विवाहसंस्थेच्या उत्क्रांतीचा शोध घेतला. त्यांची सर्व अनुमाने पुढील अभ्यासकांना मान्य झाली नाहीत. परंतु विवाह अनादी व अपरिवर्तनीय नाही, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा टिकून आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील विवाहसूक्तात नववधूने सासरी सम्राज्ञी व्हावे, अशी इच्छा व्यक्त झाली आहे. प्रत्यक्षात बालवयात सासरी गेलेल्या मुलीच्या वाट्याला पुढील शतकांत जे आले, ते या इच्छेच्या बरेचसे उलट होते.

विवाहाचे महत्त्व : अपत्यांचे संगोपन, कामजीवनाचे नियमन, संपत्तीचा वारसा, श्रमविभागणी आणि दोन कुलांमधील आप्तसंबंध ही विवाहाची परंपरागत कार्ये होत. यांपैकी काही कार्ये आता शाळा, रुग्णालय, बँक व विमा यांच्याकडे गेली आहेत. शिल्लक राहिले आहे ते मुख्यतः सहजीवन. आणि सर्वांत नाजूक तेच आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस व हार्वी लॉक यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कुटुंबाचा हा प्रवास संस्थेकडून सहचर्याकडे होत असल्याचे दाखविले. संस्थेला रूढीचा आधार असतो. सहचर्याला तो नसल्यामुळे ते पति-पत्नींनाच उभे करावे लागते.

विवाहित व्यक्ती अविवाहितांपेक्षा अधिक जगतात, हे निरीक्षण जुने आहे. विल्यम फार या इंग्रज सांख्यिकीतज्ज्ञाने १८५८ मध्ये फ्रान्समधील मृत्युनोंदींवरून ते मांडले. एमील द्यूरकेम (१८५८–१९१७) या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने आत्महत्येवरील आपल्या १८९७ च्या ग्रंथात कौटुंबिक बंध व्यक्तीला जीवनाशी बांधून ठेवतात, असे प्रतिपादन केले. मात्र विवाहाचा लाभ पुरुषाला जितका होतो तितका स्त्रीला होत नाही, हेही त्याच्या आकड्यांतून दिसत होते. अशा आकडेवारीचा अर्थ लावताना मूळचेच निरोगी व मिळवते लोक विवाहासाठी अधिक निवडले जातात, ही गोष्ट विसरून चालत नाही. शिवाय लाभ होतो तो विवाहाच्या नावाने नव्हे, तर त्यातील वागणुकीने. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ४२ जोडप्यांच्या दंडावर बारीक फोड आणून ते किती दिवसांत भरून येतात, हे पाहण्यात आले. परस्परांशी वैरभावाने बोलणाऱ्या जोडप्यांच्या जखमा इतरांपेक्षा बऱ्याच सावकाश भरल्या. सुखी नसलेला संसार शरीरालाही जाचतो, ही लोकानुभवातील गोष्ट येथे मोजता आली.

महाराष्ट्रातील परंपरा : महाराष्ट्रातील हिंदूंच्या विवाहात सीमांतपूजन, अंतरपाट व अक्षता, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी इ. विधी येतात. कन्यादानाच्या वेळी वर धर्म, अर्थ व काम या तिन्ही बाबतींत मर्यादा न ओलांडण्याचे वचन देतो. हे वचन देववाणीत दिले जात असल्यामुळे देणाऱ्याला व ऐकणाऱ्यांना त्याचा अर्थ बहुधा ठाऊक नसतो. जोतीराव फुले (१८२७–९०) यांचा रोख नेमका यावर होता. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ मध्ये झाली आणि त्याच वर्षी पुरोहिताविना विवाह लावण्यास प्रारंभ झाला. या पद्धतीत वधू-वर स्वतःच, मराठीत, एकमेकांना वचने देतात. वधू स्त्रीजातीच्या हक्कांची मागणी करते आणि वर ते देण्याची शपथ घेतो. विवाहाचा पाया दानावर न ठेवता करारावर ठेवण्याचा हा प्रयत्न त्या काळात अपूर्वच म्हटला पाहिजे.

विवाहबंधन अतूट आहे, ही समजूत सर्व समाजात सारखी नव्हती. ब्राह्मण व त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींत घटस्फोट व विधवाविवाह निषिद्ध असले, तरी कुणबी व अन्य अनेक जातींत जातपंचायतीपुढे काडी मोडून विवाह संपविण्याची रीत होती. तीस काडीमोड म्हणत. लेखी फारकतीस सोडचिठ्ठी असे नाव होते. अशा स्त्रीचा किंवा विधवेचा दुसरा विवाह पाट अथवा मोहतूर या नावाने लागे. त्याला पहिल्या लग्नाची प्रतिष्ठा नसे; परंतु स्त्रीला पुन्हा संसार मांडता येई. त्यामुळे विसाव्या शतकात घटस्फोटाचा कायदा आला, तेव्हा तो बहुजन समाजाला तत्त्वतः नवा नव्हता. धर्म बुडाल्याची हाकाटी झाली, ती प्रामुख्याने ज्यांच्यात ही रीत नव्हती त्यांच्याकडून.

इरावती कर्वे (१९०५–७०) यांनी भारतातील आप्तसंबंधांच्या अभ्यासात महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण यांमधील संक्रमणप्रदेश मानले. उत्तरेत मुलगी दूरच्या, अनोळखी गावी दिली जाते. दक्षिणेत नात्यातच विवाह होतात. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामेबहिणीशी विवाह करण्याकडे कल होता. अशा विवाहात वधूला सासू म्हणून तिची आत्याच लाभते. सासर परके नसल्याने नव्या संसाराचे पहिले कठीण दिवस काहीसे सुसह्य होत. उलट, कलह झाला तर दोन भावंडांची घरे एकाच वेळी दुभंगत. रक्तसंबंधातील विवाहांमुळे अपत्यांत काही आनुवंशिक रोगांचा संभव वाढतो, हे आता सिद्ध झाले असून शिक्षणप्रसाराबरोबर ही प्रथा मागे पडत आहे.

संमतीचा प्रश्न : टिकणाऱ्या विवाहाची पहिली अट उभयतांची संमती ही होय. ही अट महाराष्ट्रात वादाचा विषय झाली ती रखमाबाई (१८६४–१९५५) यांच्या खटल्यामुळे. त्यांचा विवाह वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास झाला होता. मोठेपणी त्यांनी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. पतीने १८८४ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला आणि १८८७ मध्ये नांदावयास जाणे अथवा सहा महिने कारावास भोगणे, असे दोनच पर्याय त्यांच्यापुढे ठेवण्यात आले. त्यांनी कारावासाची तयारी दर्शविली. १८८८ मध्ये पैसे घेऊन पतीने तडजोड केली. पुढे रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या व सुरत आणि राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ वैद्यकीय सेवा केली. या खटल्याने उठविलेल्या वादळाचा एक परिणाम म्हणून १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन मुलीचे संमतिवय १० वरून १२ वर्षे करण्यात आले. बाळ गंगाधर टिळक यांनी या कायद्याला विरोध केला होता.

सुधारक म्हणविणाऱ्यांचे वर्तनही परिस्थितीच्या दडपणातून सुटले नाही. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते न्या. म. गो. रानडे (१८४२–१९०१) यांनी पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे नमून अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. असमान पायावर उभा राहिलेला हा संसार मात्र शिक्षणामुळे वेगळ्या वळणाने गेला. रानडे यांनी पत्नीस स्वतः शिकविले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष तिने सोसला आणि रमाबाई रानडे या नावाने ती पुढे पुण्याच्या सेवासदनाची आधारस्तंभ बनली. या विवाहाची हकीकत रमाबाईंनी आपल्या आठवणींत (१९१०) नोंदविली आहे. मतभेदांतूनही विवाह कसा टिकतो, याचे याहून बोलके उदाहरण रेव्हरंड ना. वा. टिळक व लक्ष्मीबाई यांचे आहे. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षे वेगळ्या राहिल्या. नंतर त्या परत आल्या, त्या प्रथम आपला धर्म व सोवळेओवळे सांभाळूनच. धर्मांतर त्यांनी स्वतःच्या विचाराने पुढे केले. स्मृतिचित्रे (१९३४ पासून) या त्यांच्या आत्मकथनात पतीचा तापटपणा व उधळा दातृत्वगुण यांचे वर्णन आहे. त्यात तक्रार कमी व विनोद अधिक आहे. ही उदाहरणे अपवादात्मक व्यक्तींची आहेत आणि ज्या असंख्य स्त्रियांनी आठवणी लिहिल्या नाहीत त्यांचे संसार कसे होते, याचा निष्कर्ष त्यांवरून काढता येत नाही.

बालविवाहाचा प्रश्न आजही संपलेला नाही. विवाहाचे किमान वय १९७८ पासून मुलीस १८ व मुलास २१ वर्षे आहे. तथापि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेला आढळला. बीड व लगतच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांत याचे आर्थिक कारण स्पष्ट दिसते. तेथे मुकादम उचल देतो ती पति-पत्नीच्या जोडीला, आणि या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. अविवाहित मुलगा हा अर्धाच कोयता ठरतो. तर आईवडील हंगामासाठी पाच-सहा महिने बाहेर गेल्यावर वयात आलेल्या मुलीला गावात कोणाच्या भरवशावर ठेवावयाचे, हा प्रश्न असतो. दोन्हींचे उत्तर लवकर लग्न करण्यात शोधले जाते. अशा विवाहास पति-पत्नींचे सहजीवन म्हणण्यापेक्षा मजुरीचे परिमाण म्हणणे अधिक योग्य ठरेल.

स्थैर्याचे घटक : विवाह कशाने टिकतो, याचा पद्धतशीर शोध विसाव्या शतकात सुरू झाला. लुइस टर्मन (१९३८) आणि बर्जेस व कॉट्रेल (१९३९) यांच्या अमेरिकेतील पाहण्यांनी बालपणीचे घर, शिक्षण, स्वभाव इ. गोष्टींवरून वैवाहिक यशाचे भाकीत करण्याचा प्रयत्न केला. आपल्याकडे हेच काम पत्रिकेकडे सोपविलेले असते. ३६ पैकी किमान १८ गुण जुळले म्हणजे पुरे, असे मानतात. परंतु हे गुण जन्मनक्षत्रावरून काढलेले असल्याने स्वभाव, कर्ज, व्यसन अथवा आजार यांविषयी त्यांतून काहीच कळत नाही.

ठरवून केलेला विवाह की प्रेमविवाह, या प्रश्नावरही बरीच चर्चा होते. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जयपूर येथील ५० जोडप्यांच्या पाहणीत प्रेमविवाहातील प्रेमभावना काळानुसार ओसरलेली, तर ठरवून झालेल्या विवाहांत ती वाढलेली दिसली. ही पाहणी वारंवार उद्धृत केली जाते. परंतु नमुना लहान असल्याने तिच्यावर फार मोठी इमारत उभारता येत नाही. दोन्ही प्रकारांत नकार देण्याची मोकळीक होती काय, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.

सिअ‍ॅटल येथील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत बोलावून त्यांचे मतभेदाच्या विषयावरील संभाषण चित्रित केले आणि पुढे कित्येक वर्षे त्यांचा मागोवा घेतला. त्यांच्या मते जोडप्यांतील सु. दोनतृतीयांश मतभेद कधीच मिटत नाहीत. कारण ते स्वभावभेदातून आलेले असतात. सुखी जोडप्यांतही ते असतात, मात्र तेथे त्यांच्यासह जगण्याची रीत सापडलेली असते. भांडणातसुद्धा अशी जोडपी एका कटू वाक्यामागे पाच गोड अथवा समजुतीच्या गोष्टी करतात. दोषारोप, तुच्छता, सतत बचावाचा पवित्रा आणि संवाद तोडणे ही चार लक्षणे मात्र धोक्याची होत. त्यांतही तुच्छता सर्वांत घातक. घटस्फोटाचे अचूक भाकीत करता येते, हा गॉटमन यांचा दावा इतर संशोधकांनी शंकास्पद ठरविला आहे. निकाल माहीत झाल्यावर सूत्र बसविणे सोपे असते, हा त्यांचा आक्षेप रास्त आहे. लक्षणांचे वर्णन मात्र उपयुक्त आहे. मराठी घरांत रुसवा व अबोला यांत जो भेद केला जातो, तो येथे आठवतो. रुसव्यात समजूत काढली जाण्याची अपेक्षा असते, म्हणजे संवाद चालूच असतो. अबोल्यात तो बंद पडतो. कित्येक घरांत पति-पत्नी मुलांमार्फत निरोप देत वर्षे काढतात. जनगणनेत अशी जोडपी विवाहित म्हणूनच मोजली जातात.

व्यवहारात कलहाची कारणे ठराविक असतात : पैसा, सासर-माहेर, घरकामाची वाटणी, व्यसन, कामजीवन व अपत्ये. पैशाच्या बाबतीत मिळकत थोडी असण्यापेक्षा ती लपविणे अधिक हानिकारक ठरते. कोणाला किती कर्ज आहे, कोणाच्या आईवडिलांना दरमहा काय पाठवावयाचे, पत्नीच्या वेतनावर कोणाचा अधिकार, या गोष्टी लग्नापूर्वी बोलल्या गेल्यास पुढील बराच कडवटपणा टळतो. आपल्याकडील मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात मानपान व देण्याघेण्याची बोलणी तपशीलवार होतात, ही मात्र राहून जातात. हुंडा घेणे १९६१ च्या अधिनियमाने गुन्हा ठरले असले, तरी तो भेट, लग्नखर्च अशा नावांनी चालू आहे. ज्या संसाराचा आरंभ वधूपित्याच्या कर्जाने होतो, त्यात वधूचे स्थान पहिल्या दिवसापासून दुय्यम ठरते. कामजीवनाविषयी मोकळेपणाने लिहिण्याचे कार्य र. धों. कर्वे (१८८२–१९५३) यांनी केले. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले आणि १९२७ पासून अखेरपर्यंत समाजस्वास्थ्य हे मासिक चालविले. स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे, या त्यांच्या प्रतिपादनासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. पहिले अपत्य होण्यापूर्वी व नंतर दांपत्यसंबंधांत पडणारा ताण हाही अभ्यासाचा विषय झाला आहे. रात्रीची जागरणे व घरकाम एकट्या पत्नीवर पडते, तेथे हा ताण दीर्घकाळ टिकतो. नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या घरी हे विशेषच खरे आहे.

कायदा : मुंबई प्रांतात १९४६ मध्ये हिंदूंमधील द्विभार्याविवाहास प्रतिबंध झाला आणि १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा संमत झाला. त्यांची जागा पुढे १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने घेतली. १९७६ च्या सुधारणेने परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद आली. तीनुसार एक वर्ष वेगळे राहिल्यानंतर अर्ज करता येतो व त्यानंतर सहा महिन्यांचा विचारकाळ असतो. समेटाची शक्यताच उरली नसेल, तर हा काळ माफ करता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. रखमाबाईंच्या काळातील नांदविण्याचा दावा या अधिनियमाच्या नवव्या कलमात अद्याप आहे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते वैध मानले. मुस्लिम स्त्रियांना १९३९ च्या अधिनियमाने काही कारणांसाठी न्यायालयातून विवाहविच्छेद मिळविता येऊ लागला. एका दमात दिल्या जाणाऱ्या तोंडी तलाकविरुद्ध हमीद दलवाई (१९३२–७७) यांनी प्रथम आवाज उठविला व १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. असा तलाक २०१९ च्या अधिनियमाने दंडनीय ठरला.

गोव्यातील व्यवस्था निराळी आहे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून व १९१० च्या विवाहविषयक कायद्यांतून आलेल्या पद्धतीनुसार विवाहाची नोंदणी आवश्यक असते. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर दोघांची मालमत्ता समाईक होते. एकाला दुसऱ्याच्या संमतीवाचून स्थावर मालमत्ता विकता येत नाही. पत्नी अर्ध्याची धनीण आहे, हे कागदावर असल्यामुळे संसारातील तिच्या शब्दाला वजन येते. व्यवहारात पुष्कळदा तिची सही केवळ उपचार म्हणून घेतली जाते, अशी टीकाही होते. महाराष्ट्रात वैवाहिक मालमत्तेची अशी सर्वसाधारण तरतूद नाही. टाकलेल्या स्त्रीला पोटगीवरच अवलंबून राहावे लागते आणि ती मिळविण्यात वर्षे जातात. अशा परित्यक्ता स्त्रियांचा प्रश्न १९८८ मध्ये संगमनेर येथे भरलेल्या परिषदेमुळे प्रथमच ठळकपणे समाजापुढे आला.

कुटुंब न्यायालय अधिनियम १९८४ मध्ये झाला व महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई येथे १९८९ मध्ये अशी न्यायालये सुरू झाली. प्रकरण न्यायाधीशांपुढे जाण्यापूर्वी विवाह समुपदेशक उभयतांशी स्वतंत्रपणे व एकत्र बोलतो. जोडपे पुन्हा एकत्र येणे हा त्याच्या कामाचा एक संभाव्य परिणाम आहे. मुलांचा ताबा व पोटगी यांबाबत समजुतीने वेगळे होणे हा दुसरा. मारहाण होत असलेल्या स्त्रीला समेटाचा आग्रह करणे धोक्याचे असते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी अधिनियमाने तिला विवाह न मोडताही राहत्या घरात राहण्याचा व संरक्षणाचा हक्क दिला असून त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याकडे अथवा दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो.

आयुर्मान वाढल्यामुळे अपत्ये मार्गी लागल्यानंतर पति-पत्नींना एकमेकांसोबत वीस-पंचवीस वर्षे काढावी लागतात. पूर्वीच्या पिढ्यांत हे थोड्यांच्या वाट्याला येई. निवृत्त पती दिवसभर घरी असणे, हा पत्नीच्या दृष्टीने घरव्यवस्थेतील मोठा बदल असतो. पुणे-मुंबईकडील ज्येष्ठ नागरिक संघांत ही तक्रार नेहमी ऐकू येते. उतारवयात जोडीदार गेल्यावर पुनर्विवाह करणाऱ्यांना मुलांचा विरोध बहुधा मालमत्तेच्या वाटणीमुळे होतो. विधवेच्या बाबतीत कुटुंब-निवृत्तिवेतन थांबण्याची भीतीही असते, म्हणून काही वृद्ध विवाह न करता एकत्र राहणे पसंत करतात. [→ कुटुंबसंस्था, घटस्फोट, विवाहसंस्था].